छाट

मेलच्या तळाशी एकच रकाना रिकामा:
तासाचा दर.
बाकी सगळं लिहून झालंय,
डेटाबेस कुठून कुठे हलवायचा, किती टप्प्यांत,
कुठल्या रात्री त्यांच्या ऑर्डरी बंद ठेवायच्या.
नाव, पॅन नंबर, पत्ता: विडी घरकुल, सोलापूर.

पत्ता लिहिला तिथेच चुकलं बहुतेक.
कालच्या कॉलवर पुण्याचे रिसबूड म्हणाले,
"सोलापुरात काय, खर्च कमीच असेल ना तुम्हाला मॅडम."
मी हसले.
त्या हसण्याचेही पैसे लावायला हवे होते.

नोकरी सोडली त्या आठवड्यात
पगाराला एकशे साठ तासांनी भागून
पहिला दर काढला होता मी.
सोपं गणित. साफ चुकीचं.
त्यात इन्व्हर्टरची बॅटरी नव्हती,
मे महिन्यात पत्र्याखाली तापून मान टाकणारा लॅपटॉप नव्हता,
दोन कामांमधले पावणेतीन महिने नव्हते,
डेंग्यूचे अकरा दिवस नव्हते,
"बिल पाठवा, बघतो" म्हणणाऱ्याला केलेले
चौदा फोन नव्हते.
दिवसाचे आठ तास कुणी विकत घेत नाही.
घेतात चार, फार तर पाच.
उरलेले आपणच आपल्याला उधारीवर देतो.

"तुमच्याच गावचा तो मेरगू निम्म्यात करतो,"
हेही म्हणाले होते रिसबूड.
भास्करला मी ओळखते.
त्याला मुलगी झाली त्या रात्री
दवाखान्याच्या जिन्यात बसून
तो कुणाचा तरी सर्व्हर उठवत होता.
निम्म्यातच.

उंबऱ्याशी अम्मा मांडीवर सूप घेऊन बसलीय.
कात्री, फर्मा, ओली पानं, तंबाखू, दोरा.
तिचा दर हजारावर.
तो तिने कधी सांगितला नाही,
तिला कुणी विचारलाही नाही.
कारखान्याच्या भिंतीवर खडूने लिहिलेला असायचा तो, मराठीत,
आणि अम्माला तेलुगूच वाचता यायचं.
पानं कमी पडली तर पदरची.
चाळीस वर्षं पानं कमीच पडत आलीत.

मी आकडा टाकते. खोडते.
दोनशेनं उतरवते.
उतरवलेला आकडा किती पटकन शहाणा दिसायला लागतो.

"तासाला एंत गं?" अम्मा विचारते, मान वर न करता.
मी पहिला आकडा सांगते, खोडलेला.
कात्री थांबते.
तिचे ओठ हलतात,
तासाचे हजार करत असणार, हजारांचे दिवस,
दिवस मोजत मोजत
माझ्या जन्माआधीच्या कुठल्याशा उन्हाळ्यात पोचली असणार.
मला लाज वाटते.
मग त्या लाजेचाच राग येतो.

"आणि छाट किती?"

चेकर मूठभर उचलायचा, बोटांनी दाबायचा.
सैल. आखूड. वाकडी.
बाजूला काढायचा.
त्याचे पैसे नाहीत, आणि माल परतही नाही.
बाजूला काढलेला तो ढीग नंतर कुठे जायचा
ते रांगेतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं.
एकदा अम्माने सूप धरून ठेवलं होतं म्हणे,
"छाट आहे ना, मग दे माझी मला."
पुढचे आठ दिवस तिला पानंच मिळाली नाहीत.
हे मला शेजारच्या नरसम्माने सांगितलं. अम्माने नाही.

मी मेलकडे वळते.
दराच्या वर एक ओळ घालते:
ठरलेल्या कामाबाहेरचे बदल,
आणि एकदा मंजूर करून परत पाठवलेलं काम,
त्याचे तास वेगळे.
तीस टक्के आगाऊ.
पैसे पूर्ण मिळेपर्यंत कोड माझा.
त्याखाली आकडा. पहिलाच.

सव्वासहाला उत्तर येतं:
जरा जास्त वाटतंय. फोन करतो.

फोन वाजतोय.
अम्माने पंचविसाची जुडी वळून गाठ मारलीय,
दोरा दातात धरलाय.
तुटू दे.
अजून दोन रिंगा.